म्हसोबाचं नाक

आमच्या कॉलेजात भूशास्त्राची व्याख्यानमाला होणार असं ठरलं, तेव्हा विभागाच्या बैठकीत सगळ्यात जास्त चर्चा झाली ती पोह्यांवर. विद्यापीठाचं पत्र आलं होतं. ‘भूविज्ञानातील चालू संशोधन’, आठ शनिवार, आठ व्याख्यानं, सकाळी दहाला. वक्ते ते पाठवणार, हॉल आणि अल्पोपाहार आमचा. वक्त्यांबद्दल कुणाचंच काही म्हणणं नव्हतं. पोहे की उपमा यावर मात्र अर्धा तास गेला. विभागात मी एकटीच बाई, त्यामुळे शेवटी सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

“सर, मी दगड शिकवते. पोहे हा माझा विषय नाही,” मी म्हटलं.

“तसं नाही हो मॅडम,” विभागप्रमुख म्हणाले, “तुम्ही फक्त लक्ष ठेवा.”

लक्ष ठेवा म्हणजे करा, हे कळायला पंधरा वर्षांची नोकरी पुरेशी असते. मी कँटीनवाल्याला गाठलं, दर शनिवारी शेंगदाणे सढळ हातानं घालायचे एवढं बजावलं आणि लक्ष ठेवण्याचं काम संपवलं.

पहिल्या शनिवारी हॉल गच्च भरला. पोरं हजेरीसाठी, प्राध्यापक विभागप्रमुखांच्या नजरेला पडावं म्हणून, आणि नगरातली चार-पाच हौशी मंडळी खरोखरच ऐकायला. त्यांत पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक साहेब होते. पांढरा सफारी, खिशाला दोन पेनं, पहिल्या रांगेतली कोपऱ्यातली खुर्ची. व्याख्यान समुद्रतळाच्या गाळावर असो की आकाशातून पडलेल्या उल्केवर, प्रश्नांची वेळ आली की साहेब उभे राहायचे. “ते सगळं ठीक आहे हो, पण आमच्या मळ्यात बोअर घ्यायचा तर पाणी किती फुटांवर लागेल?” दक्षिण ध्रुवावरच्या बर्फाबद्दल तासभर बोलून दमलेला एक तरुण शास्त्रज्ञ या प्रश्नानं इतका गडबडला की त्यानं खरोखरच विचारलं, “मळा किती एकर आहे?”

मी हसून हसून बेजार. पण खरं सांगू? मला ती व्याख्यानमाला मनापासून आवडत होती. वर्षानुवर्षं तीच ती पुस्तकं, तेच ते दगडांचे ट्रे, तीच ती जर्नलं तपासत बसलेल्या बाईला शनिवारी सकाळी कुणीतरी येऊन सांगायचं की पृथ्वीबद्दल अजून काय काय कळलेलं नाही. मी मागं उभी राहून वहीत लिहून घ्यायचे आणि पोहे गार व्हायचे.

सातव्या शनिवारचे वक्ते ऐनवेळी येत नाहीत असं कळलं. सर माझ्या टेबलापाशी आले, घसा खाकरला आणि म्हणाले, “मॅडम, सातवं तुम्ही घ्या. तुमच्या पीएच.डी.चं सांगा. तुमचं काम काय कमी आहे का?”

माझं काम! बाई गं! सात वर्षं रेंगाळलेलं, मुलीची दहावी, निवडणुकीच्या ड्युट्या, कोरोना, सगळ्यांना वाट देत देत शेवटच्या प्रकरणाशी येऊन थांबलेलं. त्याबद्दल कुणी आपणहून ‘सांगा’ म्हणतंय म्हटल्यावर मला आनंदानं रडूच यायचं राहिलं. मी मात्र तोंडानं “बघते सर” एवढंच म्हटलं. लगेच हो म्हणणं बरं दिसत नाही.

काम काय ते दोन शब्दांत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आपला सगळा मुलूख लाव्हाच्या थरांचा. लाव्हा थंड होताना त्यातले लोखंडाचे बारीक कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकाप्रमाणे तोंड करून बसतात आणि तसेच थिजतात. आता हे पृथ्वीचं चुंबक मधूनमधून पार उलटं होतं, उत्तरेचं दक्षिण होतं. डोंगरातून दगडाचा तुकडा काढून प्रयोगशाळेत नेला की कळतं, हा थिजला तेव्हा चुंबक सुलट होतं की उलट. फक्त एक गोष्ट पक्की हवी: तुकडा डोंगरात असताना त्याची वरची बाजू कुठली होती. म्हणून काढायच्या आधी दगडावर बाण रंगवायचा, टोक आभाळाकडे. बाण उलटा धरलात की सुलट दगड उलट ठरतो. एवढी सगळी यंत्रं, एवढी सगळी गणितं, पण भिस्त त्या एका रंगाच्या बाणावर.

पारनेर तालुक्यातल्या एका टेकडीवर मी बारा ठिकाणांहून असे तुकडे काढले होते. अकरा ठिकाणं एका दिशेची निघाली. पहिलं ठिकाण, एकटंच, बरोबर उलटं. वरचा थर एकीकडे तोंड करून, खालचा थरही तसाच, आणि मध्ये हा एक पठ्ठ्या पाठ फिरवून बसलेला. माझा अख्खा प्रबंध या एका पठ्ठ्यावर उभा होता. तो खरा असेल तर मी नवीन काहीतरी शोधलं होतं. नसेल तर सात वर्षं मी नुसते दगड वाहिले होते.

सहाव्या शनिवारी ज्या बाई बोलायला आल्या, त्या या चुंबकाच्या विषयातल्या जाणत्या. साठीच्या पुढच्या, कॉटनची साडी, पायात पांढरे बूट, आणि समोरच्याचं बोलणं संपायच्या आत त्यातली चूक दिसलेली असे डोळे. सरांनी कौतुकानं माझा लॅपटॉप त्यांच्यापुढं सरकवला. “आमच्या मॅडमचं पुढच्या आठवड्यात आहे. जरा नजर टाका.”

बाईंनी पोह्यांची बशी एका हातात धरून माझ्या सात वर्षांवरून बोट फिरवलं. पहिल्या ठिकाणाच्या तक्त्यापाशी बोट थांबलं.

“हा कडा पूर्वेकडे तोंड करून आहे का?”

“हो.”

“बाण वर काढला होता की खाली?”

“वर.”

“नक्की ना? पूर्वेकडच्या उभ्या कड्यावर बाण उलटा झाला तर नेमकं असंच उत्तर येतं.”

“वहीत लिहिलंय तसं,” मी म्हटलं.

“तिथं डोंगरावर लिहिलेल्या कच्च्या वहीत?”

इथं माझ्या तोंडचं पाणी पळालं. कारण आम्ही शिक्षक माणसं. कच्चं लिहिलेलं आम्हाला डोळ्यांपुढं नको असतं. मी डोंगरावरची मळकी वही घरी आणून रेघा मारून, रकाने पाडून, सुवाच्य अक्षरात फेअर केली होती. ‘बाण’ या रकान्यात वर एकदा ‘वर’ असं लिहिलं होतं आणि खाली अकरा वेळा मस्त दोन-दोन टिंबं, म्हणजे ‘वरीलप्रमाणे’. कच्ची वही रद्दीत गेली होती. पोरांना आयुष्यभर फेअर करा, फेअर करा म्हणून छळलं, त्याचं फळ बरोबर मिळालं.

“एकदा जाऊन बघून या,” बाई म्हणाल्या. “ऑइलपेंट असेल तर अजून दिसेल. मी आठवडाभर इथंच भावाकडे आहे. तुमचं ऐकूनच जाईन.” आणि त्यांनी पोहे संपवले. मला काही ते गेले नाहीत.

गुरुवारी रजा टाकून स्कूटर काढली. सुप्यावरून आत वळले आणि टेकडी दिसायची ती दिसेचना. मला वाटलं रस्ता चुकला. रस्ता बरोबर होता, टेकडीच निम्मी राहिली होती. पलीकडच्या अंगाला खडीक्रशर बसला होता आणि त्यानं वडापाव खावा तशी टेकडी खाल्ली होती. माझी बारा ठिकाणं मी बोटावर मोजत गेले. हे हवेत, हेही हवेत, हे कुणाच्या तरी रस्त्याच्या खालच्या खडीत. संशोधनात ज्याला पुरावा म्हणतात, त्यावरून बहुतेक ट्रक धावत होते.

पहिल्या ठिकाणाच्या दिशेला मात्र टेकडी शाबूत होती. आणि तिथं एक भगवा झेंडा फडकत होता.

वर जाऊन बघते तर काय! पत्र्याची छोटी शेड, पुढं शेणानं सारवलेलं अंगण, कडेला झेंडूची रोपं, आणि माझा तो पूर्वेकडे तोंड करून असलेला कडा शेंदरानं असा माखलेला की दगडाचा कणभर दिसेल तर शपथ. दोन मोठे पांढरे डोळे बसवलेले. मी सात वर्षांपूर्वी ड्रिलनं पाडलेली सहा गोल भोकं होती ना, अंगठा जाईल एवढी? त्यांत उदबत्त्या खोचलेल्या. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं म्हणतात. माझ्या हातून तर म्हसोबा झाला होता.

आणि आता जे सांगते त्याची मला लाज वाटते, पण घडलं ते असं. माझ्या मनात पहिला विचार आला: सुटले! बाण शेंदराखाली गेलाय. देवाचा शेंदूर खरवडून बघा, असं कोणता शास्त्रज्ञ म्हणेल? बाईंना सांगायचं, ‘दगडाचा देव झालाय हो, काय करणार!’ त्या हसतील, सर हसतील, हॉल हसेल, आणि माझा उलटा पठ्ठ्या उलटाच राहील. तिथल्या तिथं मी ते वाक्य दोनदा मनात म्हणून बघितलं. चांगलं जमत होतं.

“आलीस व्हय गं?” मागून आवाज आला. “लई दिस लावलंस.”

हातात खराटा घेतलेली, कासोटा घातलेली, काटक अशी एक बाई उभी होती. मागं तिची सून, कडेवर कळशी. चेहरा ओळखीचा वाटला आणि मग आठवलं. याच मावशीनं त्या पहिल्या दिवशी मला प्यायला पाणी दिलं होतं. खालच्या विहिरीजवळ यांची वस्ती.

“मावशी, हे कधी झालं?” मी देवाकडे बोट दाखवलं.

“कवा म्हंजी? तूच सांगून गेल्तीस की. मावशी, ह्यो दगूड कुनाला हलवू देऊ नका, मी परत येती.”

मी म्हटलं असेन. का नाही म्हणणार? आपण किती जणांना तसं म्हणतो. येते हं परत, करते हं फोन. ते म्हणताना माझं लक्ष बहुतेक स्कूटरच्या किल्लीकडे असेल. मावशीनं ते ऐकून ठेवलं होतं.

“मंग त्यो क्रशरवाला आला,” मावशी खराटा टेकवून सांगायला लागली. “पांढऱ्या फक्कीनं हितं रेघ वढली. म्हनला, उद्या हितपत्तूर मशीन येनार. म्या म्हनलं, ह्यो दगूड न्हाई मिळायचा. त्यो म्हनला, का? आता काय सांगावं! एक पोरगी आल्ती, तिनं राखाया सांगितलाय, आसं म्हनलं आस्तं तर त्यो हासला आस्ता. मंग आमी बायांनी दुपारच्याला शेंदूर आनला.”

“आणि?”

“आनी काय. सकाळच्याला मशीनवाला आला, बघितलं, खाली उतारला, पायतान काढलं. पयला नारळ त्यानंच फोडला. मंग मशीन मागं घिऊन गेला.”

सून तोंडाला पदर लावून हसत होती. मलाही हसू आलं. “माझ्यासाठी एवढं केलंत, मावशी?”

“लई चढू नगंस,” मावशी म्हणाली. “आर्दं तुझ्यापायी, आर्दं आमच्या हिरीपायी. टेकडी गेली तर हिरीला पानी कुटनं यायचं?”

“पण मग हा देव...” मी विचारायला गेले.

“देव काय, बसवला की बसतोय. आता माझ्या गुडघ्याला गुन हाय त्याचा. म्हसोबा हाय त्यो, तुला काय वाटलं?” तिनं शेडमध्ये शिरून देवाच्या चेहऱ्यावरून मायेनं हात फिरवला. “नाक तू काढलंस, डोळं आमी बसिवलं.”

“नाक?”

“त्यो पिवळा रंग तूच वढला हुतास न्हवं का? आमी त्याच्यावरनंच तोंड धरलं.”

मी तेव्हा पहिल्यांदा त्या देवाच्या तोंडाकडे नीट बघितलं. दोन डोळे. मधून खाली आलेलं सरळ लांब नाक. आणि नाकाच्या बुडाला दोन्हीकडे फुगलेल्या नाकपुड्या. वर अरुंद, खाली रुंद, जसं कुणाचंही नाक असतं. बाण वर काढला असता तर त्याचं नाक झालं नसतं. फार तर कपाळावरचा टिळा झाला असता.

मी मटकन खालीच बसले. सारवलेल्या अंगणात, चांगल्या सलवारवर.

“काय झालं गं? ऊन लागलं का?”

“काही नाही,” मी म्हटलं. मनात अजून वकिली चालूच होती. नाकावरून काही सिद्ध होत नाही. बायांनी आपल्या मनानं शेंदूर खालीवर ओढला असेल. नाक म्हणजे काय पुरावा आहे का?

“मॅडम, मूळ फोटो दावू का?” सून म्हणाली. “लई जनांना दावला हाय.”

तिनं शेडच्या खांबावरचा, खिळ्याला अडकवलेला लॅमिनेशन केलेला फोटो काढून माझ्या हातात दिला. मी पहिल्यांदा आले त्या दिवशी तिनं नवा मोबाईल घेतला होता आणि दिसेल त्याचे फोटो काढत सुटली होती. पुढं देव झाल्यावर, देवाचा सगळ्यात जुना फोटो म्हणून पारनेरला नेऊन मोठा करून आणला होता. फोटोत माझा कडा होता, उघडा, काळा. त्यावर ताजा पिवळा बाण. टोक खाली. अगदी स्वच्छ, पायथ्याकडे, विहिरीकडे, खाली. आणि एका कोपऱ्यात लाल टोपी घातलेली, ड्रिलवर वाकलेली, कॅमेऱ्याकडे पाठ करून उभी असलेली मी. दर अमावस्येला फोटोलाही हळदकुंकू वाहतात, तेव्हा ते देवाला लागलं होतं आणि थोडं माझ्या पाठीलाही.

आता सगळं आठवलं. पहिला दिवस, मी एकटी. कॉलेजच्या सहलीत आम्ही पोरांना शिकवायचो की पाणी जिकडे जाईल तिकडे बाण काढा. हाताला तीच सवय. दुसऱ्या दिवशी फोनवर कुणीतरी बजावलं की बाण वर काढायचा असतो, आणि पुढची अकरा ठिकाणं मी बरोबर केली. मग फेअर वहीत पहिल्या ओळीला ‘वर’ असं मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं आणि खाली टिंबं दिली.

मी मोबाईलमध्ये त्या फोटोचा फोटो काढून घेतला. मावशी जवळ येऊन उभी राहिली. “मंग? उपेगी पडला का दगूड?”

सात वर्षं राखला होता तिनं. मी काय सांगणार? “पडला, मावशी,” मी म्हटलं आणि नजर चुकवली.

“मॅडम, शनिवारी बोलनार ना तुमी? सरकारी हाय, का आमी बी आलो तर चालंल?” सुनेनं विचारलं. मीच बोलता बोलता व्याख्यानाचं सांगून बसले होते. या म्हटलं. दुसरं काय म्हणणार!

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. आमच्या घरी रविवार म्हणजे चर्च, आई तर क्वायरमधली जुनी गायिका. तिनं फोटो चष्मा लावून बघितला, माझ्या पाठीवरचं कुंकू बघितलं आणि म्हणाली, “पाळकांना सांगू नकोस. नाहीतर पुढच्या रविवारी तुझ्यावरच प्रवचन.” मग जरा वेळानं म्हणाली, “त्या बाईनं बाकी शब्द पाळला हो.” माझ्या प्रबंधाबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. तेवढं एकच वाक्य बोलून गॅसवर कुकर चढवायला गेली आणि माझी पंचाईत करून ठेवली.

शनिवारी सकाळी माझ्या पेनड्राइव्हवर दोन व्याख्यानं होती. एक जुनं, उलट्या पठ्ठ्याचं, सुरेख. त्यात फक्त एक वाक्य घालायचं होतं, देव झालाय, बघता येत नाही. दुसरं अर्धवट, रडतखडत बनवलेलं, ज्यात सगळं खरं होतं आणि शोध काहीच नव्हता. पाहुण्या बाई पहिल्या रांगेत. त्यांच्या शेजारी सर, नवा शर्ट घालून. सरांनी विद्यापीठातल्या दोघांना मुद्दाम बोलावलं होतं, आमच्या मॅडमचं ऐका म्हणून. त्यांच्या त्या नव्या शर्टकडे बघून तर माझा हात जुन्या फाइलवरच गेला होता.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. मावशी आणि सून. ठेवणीतलं लुगडं, हातात पिशवी, पिशवीतून नारळाची शेंडी बाहेर. मावशीनं पायताण दाराबाहेर काढून ठेवलं, हॉलला नमस्कार केला आणि मागच्या रांगेत खुर्चीच्या टोकावर बसली. मला बघून मान हलवली. हं, कर सुरू.

मी दुसरी फाइल उघडली.

पडद्यावर तो लॅमिनेशनचा फोटो आला, कुंकवासकट. हॉलमध्ये खसखस पिकली. मी सांगत गेले. बाण कसा काढतात, का काढतात. मी तो कसा काढला. फेअर वही, ती टिंबं. पोरं फारच हसली, कारण जर्नल फेअर करा म्हणून मी ज्यांना झापलं होतं ती समोरच बसली होती. मग क्रशर, शेंदूर, मशीनवाल्याचा नारळ. मग म्हसोबाचं नाक. हसणं हळूहळू थांबलं.

“माझी एकच महत्त्वाची गोष्ट होती, तो उलटा थर,” मी म्हटलं. “तो उलटा नाही. चारचौघांसारखा सुलट आहे. म्हसोबाचं नाक बरोबर आहे, माझी वही चुकली. माझ्या बारा ठिकाणांतली बहुतेक आता शिल्लक नाहीत. हे एक आहे, म्हणून चूक कळली. आणि हे आहे, कारण मागच्या रांगेतल्या मावशींनी ते ठेवलं. परवा त्यांनी विचारलं, दगड उपयोगी पडला का, तेव्हा मी घाईघाईत हो म्हटलं. ते खोटं होतं. माझा प्रबंध त्या दगडानं पाडला, मावशी.”

बोलताना रडायचं नाही असं ठरवलं होतं. आवाज फुटलाच. सर आपल्या शर्टाच्या बटणाकडे बघत होते. पाहुण्या बाई काहीतरी लिहीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “त्याच दगडातून पुन्हा नमुने घ्या. बाण सरळ काढा. मग बघू काय निघतं. प्रबंध पडला की उभा करता येतो, दगड गेला असता तर काय केलं असतंत?”

मग अर्थातच कोपऱ्यातली खुर्ची सरकली. पांढरा सफारी उभा राहिला. “ते सगळं ठीक आहे हो मॅडम, पण आमच्या बोअरला...”

हॉल असा काही हसला की पंख्यांचा आवाज ऐकू येईना. साहेबसुद्धा हसले. मागून मावशीनं उभं राहून खणखणीत आवाजात उत्तर दिलं, “आमच्या हिरीला हाय की पानी. टेकडी हाय तवर हाय.” साहेबांनी वळून बघितलं, पेन काढलं आणि लिहून घेतलं. सात शनिवारांत त्यांना मिळालेलं ते पहिलं सरळ उत्तर होतं.

मावशी अजून उभीच होती. ती माझ्याकडे बघत होती. रागावली असेल असं मला वाटलं.

“म्हंजी आता परत मोजाया यावं लागंल का तुला?” तिनं विचारलं.

“यावं लागेल, मावशी. देवाला हात लावणार नाही, मागच्या बाजूनं घेईन.”

“ते आमी दावू कुटनं घ्यायचं ते. कवा येतीस?”

सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला. ‘येईन हो लवकर’ अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. ते गिळलं.

“मंगळवारी,” मी माईकवरच सांगितलं. “सकाळी नऊला.”

“मंग ये,” मावशी म्हणाली आणि खाली बसली. “दगूड हाय तितंच.”